ओढणी घरी ठेव

आई, आज एका मुलीनं तुझ्याबद्दल मला एक प्रश्न विचारला. चाकणच्या आमच्या कंपनीत मशीनवर घ्यायच्या मुलींचे इंटरव्ह्यू हल्ली मीच घेते. ही आली ती कडक इस्त्रीचा ड्रेस, लांब वेणी, मोकळी ओढणी अशी, आणि बोलायलाही चुणचुणीत. ड्रिल मशीन दाखवायला नेताना मी तिला दारातच थांबवलं. म्हटलं, "ओढणी काढ, वेणीचा बुचडा बांध. माझी आई म्हणायची, मशीनला काय कळतंय ओढणी कुणाची ते." पोरगी हसून विचारते, "त्यांना कसं माहीत, मॅडम?" तू जाऊन नऊ वर्षं झाली आणि हा साधा प्रश्न मला कधी पडलाच नाही. कमाल आहे ना माझी!

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूची सकाळ आठवते का तुला? भोसरीतली आपली एक खोली. बाबा नव्हते, आणि तू जिथं ड्रिल चालवायचीस ते वर्कशॉप महिनाअखेर बंद होणार होतं. मला ही नोकरी लागली नाही तर सामान बांधून परत बीडला जायचं, हे ठरलेलं. मी मावशीनं दिलेला अबोली ड्रेस घालून आरशासमोर उभी, आणि तू मागून येऊन माझी ओढणीच ओढून घेतेस. "मिरवायला जायलीस का कामाला? ओढणी घरी ठेव." मी म्हणते, "अगं, ओढणीशिवाय लोक काय म्हणतील?" "म्हणू दे की. लोकं काय पगार देणार हायेत का तुला?" मग माझे केस असे करकचून आवळतेस की डोळ्यांत पाणी येतं. इतका राग आला होता मला तुझा!

तुला कधीच सांगितलं नाही, पण तुझी पाठ वळताच ती ओढणी मी पर्समध्ये कोंबली. चाकणच्या बसमध्ये, मोशीचा स्टॉप गेल्यावर बुचडा सोडला, वेणी घातली, ओढणी घेतली. ऑफिसात दोन प्रश्न विचारून साहेब मला मशीनपाशी घेऊन गेले. "चालवून दाखवा," म्हणाले. मी वाकून बटणाकडे हात नेते, तोच ते ओरडतात, "थांबा! ओढणी!" सगळे कामगार बघायला लागले. मी ओढणी काढली, बुचडा बांधला आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "आईनं घरीच ठेवायला सांगितली होती, सर. मी ऐकलं नाही." "आई काय करते?" "ड्रिल चालवते. भोसरीत." साहेब म्हणाले, "सोमवारपासून या. आणि आईचं ऐकून या." तू चाळभर पेढे वाटत सांगत होतीस, "माझं ऐकलं म्हणून लागली बघा!" मी आपली मान हलवत उभी.

आज दुपारी डबा तसाच ठेवून मोबाइलमध्ये तुझा लग्नातला फोटो उघडला. केवढी वेणी गं तुझी, कमरेच्याही खाली! आणि मला आठवतेस ती कायम मानेपर्यंतच्या केसांची. दर दोन महिन्यांनी स्वतःच कात्री घेऊन बसायचीस आणि वर म्हणायचीस, "मेले वाढतच नाहीत." मी समोर बसून बघत होते, तरी कधी विचारलं नाही. काय झालं होतं, आई? वेणी ड्रिलमध्ये गेली तेव्हा मशीन कुणी बंद केलं? दुसऱ्या दिवशी कामावर गेलीस? गेलीच असशील म्हणा. की असं काही झालंच नव्हतं, आणि मीच उगाच कथा रचतेय? तुझ्याबरोबरच्या बायकाही कुठं कुठं पांगल्या. आता विचारू तरी कुणाला?

त्या मुलीला घेतलं मी. आणि एक राहिलंच. बसमध्ये ओढणी घेतली ती काही लोकांच्या भीतीनं नव्हे. बिनओढणीची, बुचडा बांधलेली मी खिडकीच्या काचेत दिसले, ती हुबेहूब तू. आणि त्या दिवशी मला तुझ्यासारखं दिसायचं नव्हतं. हे तुझ्या तोंडावर मी कधीच बोलले नसते. या पत्राला पत्ता नाही, म्हणून तर लिहिलं.