नऊ तासांची तळटीप

सोमवार, ४ नोव्हेंबर २००२

टपालात एक पाकीट. पाठवणाऱ्याचं नाव नाही. पत्ता मोठ्या अक्षरांत, पट्टी धरून लिहिल्यासारखा. घराच्या क्रमांकातल्या शून्यांवर तिरक्या रेघा. शिक्का इथलाच, मॅन्सफिल्डचा. आत एकच झेरॉक्स.

पान बघताक्षणी ओळखलं. कोरियन युद्धातल्या त्या धावपट्टीवरची, जखमींची नोंदवही. तिची चार पानं माझ्याकडे आहेत, माझ्या पुस्तकाचं सगळं आठवं प्रकरण त्यांवर उभं आहे. हे त्या वहीचं पहिलं पान. माझ्याकडे नसलेलं! वर टाईप केलंय — या वहीतील सर्व वेळा ग्रीनिचच्या.

कपाटातून माझी चार पानं काढली.

पायदळ आपली घड्याळं स्थानिक वेळेवर लावायचं, हवाई दल ग्रीनिचवर. हे मी वर्गात पहिल्याच आठवड्यात पोरांना सांगते. मीच! म्हणजे २६ नोव्हेंबर १९५०ची ती २१:४०ची नोंद रात्रीची नाही. कोरियाची वेळ काढायला नऊ तास मिळवायचे. २७ची सकाळ, सहा चाळीस.

टेकडी ४१२वर हल्ला झाला २६च्या रात्री साडेदहाला. लेस्टर प्रोकॉप टेकडीच्या पायथ्याशी टेहळणीच्या खड्ड्यात, फील्ड टेलिफोन घेऊन. त्याचा इशारा आलाच नाही, बेकर कंपनी या पायदळाच्या तुकडीची अकरा माणसं झोपेच्या पिशव्यांतच मेली. मी लिहिलं, प्रोकॉप हल्ल्याआधीच पळाला होता. २१:४०ला तर तो चार मैल मागे धावपट्टीवर नोंदला गेला. डाव्या दंडात गोळी. शत्रू आलेलाच नसताना गोळी कुठून? म्हणून पान १४३, तळटीप: ‘बहुधा स्वतःच मारून घेतलेली.’

बहुधा. केवढ्याशा शब्दाआड लपले मी.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

मतदान करून आले आणि पुन्हा तपासलं. तीनदा. चूक माझीच.

माझ्याकडच्या चार पानांचे झेरॉक्स बाबांनी काढले होते, अठ्ठ्याण्णव साली. मी दप्तरखान्यात टेबलाशी वाचत होते, ते यंत्रापाशी उभे. मला वहीचं पहिलं पान दिसलंच नाही — नाही, हे कारण नव्हे. मागायला हवं होतं. वहीचं पहिलं पान न बघता वही वाचणारी मी कसली इतिहासकार!

प्रकाशनात ग्रेचेनला फोन केला. स्वस्त आवृत्तीची पानं शुक्रवारी दुपारी बाराला बंद होणार. छपाई पुढच्या मंगळवारी. ‘शब्द बदल हवा तर. पान हलवू नकोस. ख्रिसमसच्या आत दुकानात गेलं पाहिजे.’

खरंच आहे. युद्धाची पुस्तकं लोक ख्रिसमसला बापांना देतात. बाप आधी शेवटची सूची उघडतात आणि आपलं नाव शोधतात. प्रोकॉपनेही शोधलं असेल.

बुधवार, ६ नोव्हेंबर

टॅकेटला कळवणं भाग होतं. बेकर कंपनीचा सार्जंट, आता तिच्या माजी सैनिकांच्या संघटनेचा अध्यक्ष, वय शहात्तर. येत्या शनिवारी डेटनला सहभोजन आहे. त्याला वाटलं मी जेवणाचं विचारायला फोन केला.

‘चिकन की मासा, पोरी?’

सांगितलं. तो म्हणाला, ‘एका कागदावरून?’

म्हटलं, आधीही एका कागदावरूनच लिहिलं होतं.

‘त्या अकरा जणांच्या आयांना मी पत्रं लिहिली. का मेले ते लिहिलं. आता काय लिहू? घड्याळ चुकलं?’ आणि मग हळू आवाजात, ‘तुझ्या बापाला विचारलंस का?’

का म्हणाला असं? विचारायच्या आत फोन ठेवला त्याने.

सहभोजनात एक रिवाज आहे. टॅकेट कंपनीचा हजेरीपट वाचतो. मेलेल्यांच्या नावाला सगळे ‘हजर’ म्हणतात. प्रोकॉपचं नाव आलं की तो थांबतो आणि टेबलं ओरडतात, ‘हवा खायला गेलाय!’ मग हशा. मीही हसले आहे, तीन वर्षं. बाबा नेमके त्या वेळी सिगारेट ओढायला बाहेर जातात. मला वाटायचं, त्यांना गर्दी सोसत नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

प्रोकॉप जिवंत आहे. इरीला, वृद्धाश्रमात. त्याची बहीण वांडा त्याचं सगळं बघते. गेल्या वर्षी तिने मला एका ओळीचं पत्र लिहिलं होतं: ‘तुम्ही त्याला विचारलं का नाही?’ मी उत्तर दिलं नव्हतं. आज फोन केला.

‘आता काय हवंय बाई? दुसरा दंड?’

सगळं सांगितलं. माफी मागितली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने ओरडायला हवं होतं!

‘बावन्न वर्षं एकच सांगतोय तो. टेलिफोनची घंटी वाजवायची मूठ फिरवत होतो, पलीकडून कुणी उचलत नव्हतं. गोळी लागली तेव्हासुद्धा मूठ हातात होती. मी म्हणायचे, लेस, तार तुटली असेल. तो म्हणतो, नाही, घंटी पलीकडे वाजत होती. तेवढं हाताला कळतं.’

दुपारी ध्वनिफिती काढल्या. एक्केचाळीस माणसं. प्रत्येकाला मी विचारलं होतं, साडेदहाला तुम्ही कुठे होतात? सतराव्या फितीवर बाबा. कंपनीत टेलिफोनच्या तारा ओढायचं काम त्यांचं.

‘मी? टेलिफोनपाशी.’

आणि माझा पुढचा प्रश्न — माझाच आवाज, उत्साही — ‘थंडी किती होती हो?’

परत ऐकलं. थंडी किती होती हो.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सकाळी बाबांकडे गेले. अंगणात पानं ओढत होते.

‘बाबा, त्या रात्री घंटी वाजली होती का?’

दाताळं थांबलं नाही. ‘बूट भिजलेत तुझे. आत जा, कॉफी आहे.’

तिथेच उभी राहून नवा मजकूर वाचून दाखवला. प्रोकॉप हल्ल्याच्या वेळी जागेवर होता, लढताना जखमी झाला. आधीच्या आवृत्तीतला आरोप लेखिकेच्या चुकीमुळे, त्याबद्दल क्षमा. शेवटचं वाक्य: ‘इशारा कंपनीपर्यंत का पोहोचला नाही, हे कळत नाही.’

‘पाठवलंस?’

‘बाराच्या आत पाठवायचंय.’

‘मग इथे काय करतेस? साडेदहा वाजलेत.’ पानांचा ढीग मोठा झाला होता. त्यांनी तो पुन्हा पसरला आणि पुन्हा ओढायला लागले.

पाठवलं. ते वाक्य ठेवून. मी कुणाला वाचवलं? पुरावा नाही, म्हणून ‘कळत नाही’ — हे बरोबर. पण प्रोकॉपच्या वेळी मी पुराव्यावाचून ‘बहुधा’ लिहिलं. बापाच्या वेळी ‘कळत नाही’. परक्याला एक माप, घरच्याला दुसरं. हेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला विसरता येणार नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सहभोजनाला गेले नाही. टॅकेटचा निरोप यंत्रावर: ‘ऑरव्हिल कुठाय? तुझा बाप पहिल्यांदाच चुकला.’ मागे ताटांचा आवाज.

रविवार, १० नोव्हेंबर

बाबा फोन उचलत नाहीत.

सोमवार, ११ नोव्हेंबर

माजी सैनिक दिन. कॉलेजला सुट्टी. बाबांकडे गेले. गाडी नाही. दारावरचा झेंडा नीट लावलेला. स्वयंपाकघरात कॉफीच्या भांड्याखाली चिठ्ठी. मोठ्या अक्षरांत, पट्टी धरून लिहिल्यासारखी:

‘इरीला जातोय, प्रोकॉपकडे. २०:०० पर्यंत परत. छपाई उद्या आहे ना? तुझं ते शेवटचं वाक्य काढ. घंटी वाजत होती. मी जागा होतो.’

तिन्ही शून्यांवर तिरक्या रेघा.