भिंगरीचा राहिलेला चेंडू

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरी आणि मी सुखरूप पोचलो, पण मन थाऱ्यावर नाही. रविवारी तुमच्या घरी भिंगरी आईच्या शिवणपेटीपुढे जाऊन बसली आणि हलेचना. तुम्ही हसून म्हणालात, तिला दोरे आवडले. बाबा, आमच्या प्रशिक्षण केंद्रातली काही कुत्री ढेकूण हुंगून शोधतात, काही भिंतीतली बुरशी. भिंगरीला तंबाखूतलं निकोटिन शिकवलंय. सापडलं की ती अशी बसते आणि मग तिला चेंडू मिळतो. त्या दिवशी लाजेनं मी तो दिला नाही.

पुढच्या महिन्यात तुमच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. सिगारेट सुटली, असं डॉक्टरांना मीच छातीठोकपणे सांगितलंय. आता खरं काय ते कळवा. रागावेन, पण मला तुम्ही हवे आहात.

वाट पाहणारी,
चिमी

९ मार्च

चि. चिमीस,
अ. आ.

चोर सोडून संन्याशाला सुळी! तुझी आई गेली त्या दिवसापासून मी सिगारेटला हात लावलेला नाही, आणि पेटीलाही नाही. तुझ्या पत्रामुळे काल उघडली. वर माझा अर्धवट शिवलेला सदरा, सुई अजून त्यातच. खाली पत्र्याचा डबा, सिगारेटींनी गच्च भरलेला.

आठवतं, पाकिटात एक कमी निघते म्हणून मी दुकानदारांशी जन्मभर भांडलो? तीन दुकानं बदलली. तुझी आई भाजी निवडत म्हणायची, जगच लबाड आहे हो.

ओढावीशी वाटली नाही. सदरा मांडीवर घेऊन बसलो. ऊन सरकत पेटीवर आलं आणि शिवणयंत्राचा आवाज येऊ लागला. ती शिवत होती, मला उठवत नव्हती. झोपलो होतो की जागा, ठाऊक नाही. मग सदरा नाकाशी धरला, तर कसलाच वास येईना. फार रडू आलं. भिंगरीला तुझ्या आईचा वास शिकवता येईल का गं? तो आहे, एवढं कळलं तरी पुरे.

तिचा चेंडू तिला दे.

तुझा,
बाबा

१४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चेंडू दिला. तुमच्यावर संशय घेतला, माफ करा.

शिकवता येईल. पण दर वेळी उघडलं की वास थोडा उडतो, म्हणून आम्ही तो काचेच्या बरणीत कोंडून ठेवतो. सदरा पेटीत ठेवून झाकण लावा. कितीही वाटलं तरी उघडू नका. ऑपरेशन होऊन तुम्ही घरी आलात, की आपण तिघं मिळून उघडू.

भिंगरीशिवाय ते काम होणार नाही, आणि तुमच्याशिवाय मी ती पेटी उघडणार नाही.

तुमचीच,
चिमी