रीळ, तुझी ताई आणि दारातले व्याही

चिरंजीव मेहुणेबुवांस,

अनेक आशीर्वाद. सगळेच मनापासून नाहीत. का, ते पुढे कळेल. गुडघा कसा आहे? बरा असेल तर मला वाईट वाटेल, तरी रीत म्हणून विचारतो. इकडे सर्व कुशल होते, कालपर्यंत. कालपासून माझी वाचा बसली आहे, म्हणून लिहितो आहे.

तूच सांगितलेस की आपल्या पोरीच्या होणाऱ्या सासऱ्यांना मासेमारीचे वेड आहे, आणि रविवारी तलावावर त्यांच्या शेजारी गळ टाकून बसलो तर लग्न ठरलेच समजा. (जन्मभर मुलांकडून धातुरूपे घोकून घेणाऱ्या माणसाने पाण्यात नेमके काय टाकावे, हा विचार तुझ्या मनाला शिवला नाही.) पोरीचा जीव त्या मुलात गुंतलेला. निमूट दुकानात गेलो.

माझी समजूत, रीळ म्हणजे रीळ. शिवणाच्या दोऱ्याचे असते तसे, जरा थोराड. दुकानदाराने भिंतभर रिळे दाखवली तेव्हा मी मटकन स्टुलावर बसलो. एका जातीत दोरा गुंडाळलेला ढोलच गरगर फिरतो आणि नवशिक्याच्या हाती दोऱ्याचे घरटे होते. दुसरीत ढोल जागचा हलत नाही, दोरा अलगद सुटत जातो. ‘‘काका, तुम्ही हेच न्या, यात चुकायला जागाच नाही,’’ तो म्हणाला. (तो मला ओळखत नव्हता.) मग त्याने पुढची चकती दाखवली. ती सैलसर ठेवायची म्हणे, म्हणजे मासा ओढू लागला की रीळ आपण होऊन दोरा सोडते. माशासाठी यंत्र घ्यायचे आणि त्याने पहिल्याच हिसक्याला माशाची बाजू घ्यायची? हा तर तुमच्या घराण्याचा स्वभाव झाला. घरी येऊन चकती जीव खाऊन आवळली. रीळ गळाच्या दांडीच्या खाली लटकवा, असेही त्याने बजावले होते. पण इतकी देखणी वस्तू वटवाघळासारखी उलटी टांगणे मनाला पटेना. मी ती सन्मानाने वर बसवली.

आता सराव हवा. पाणी नव्हते, मासा नव्हता; तुझी ताई होती. दोऱ्याचे टोक तिच्या कमरेला बांधले (गळ काढून, इतकाही वेडा नाही) आणि म्हटले, तू स्वयंपाकघरातून ओढ, मी इकडून गुंडाळतो. आधी कुरकुरली, मग मला वाटते तिला मजा येऊ लागली. इतक्यात दारावरची घंटा वाजली. आपण मासा आहोत हे विसरून ती तरातरा दाराकडे निघाली. चकती आवळलेली, रीळ वीतभर दोरा सोडेना. दांडी सोडून द्यावी हे सुचते कोणाला? मी टीपॉयसकट घसरत तिच्या मागोमाग. तिने दार उघडले.

दारात व्याही!

त्यांना दिसले ते असे: विहीणबाई कमरेला दोरा बांधून उभ्या, मागे फरशीवर मी आडवा, आणि तशातही मूठ फिरवतोच आहे. ‘‘अहो, सोडा की आता मेलं ते!’’ तुझी ताई कडाडली. व्याह्यांची नजर माझ्या रिळावर खिळली. हातातली लांबट पिशवी छातीशी धरून ते आल्या पावली परत गेले.

पोरगी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तुझी ताई बोलते, पण ते लिहिण्यासारखे नाही. मध्यस्थ तू, आता तूच जाऊन त्यांची समजूत घाल.

तुझा (अद्याप तरी)
भावोजी

ता. क. पाकीट चिकटवणार तोच व्याह्यांचा फोन आला. ते रागावलेले नाहीत, हादरलेले होते. पिशवीत त्यांचेही कोरे करकरीत रीळ होते, दांडीवर असेच वर बसवलेले, दोऱ्याचे घरटे करून. ते सोडवून घ्यायला जाणत्याकडे आले, तर जाणता फरशीवर! वेडबिड त्यांना कधीच नव्हते. मुलीचे वडील मासेमारीतले मुरब्बी आहेत, शेजारी गळ टाकून बसलात तर लग्न ठरलेच समजा, हे कोणी सांगितले तेही त्यांनी सांगितले. आम्ही दोघे बराच वेळ हसलो. लग्न ठरले.

आणखी एक. रविवारी आम्ही दोघे तलावावर जाणार आहोत. तू अवश्य ये. दांडी, गळ काही आणू नकोस. तुझी ताई पुन्हा मासा व्हायला तयार नाही, आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आम्हाला कोणीतरी हवे आहे. चकती सैल केलेली नाही.