पुतणीचं यीस्ट आणि मंद आच

मार्गशीर्ष वद्य पंचमी, मंगळवार. साखरा.

संध्याकाळी पुण्याहून पुतणीचा फोन. "काका, प्रोटीन बाहेर आलं!"

प्रयोगशाळेतलं तिचं यीस्ट प्रथिन बनवायचं, पण पेशीच्या आतच धरून बसायचं. ते ज्यात वाढतं त्या बाहेरच्या पाण्यात टिपूस नाही. या महिन्यात जमलं नाही तर पीएचडीचा विषय बदल, असं तिच्या गाईड मॅडमनी बजावलेलं. म्हणजे तीन वर्षं वाया.

"मग केलंस काय?"

"उष्णता कमी केली. घाईत बनलं की त्याची घडी नीट बसत न्हाई, मंग पेशी त्याला सोडत न्हाई. आई न्हाई का म्हणायची, मोठ्या आचेवर भाकर आत कच्ची राहते?"

शनैः शनैः! मला हे संस्कृतात ठाऊक होतं. उपयोगी पडलं ते वहिनींचं मराठी.

वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "काय बोलून राहिले भाऊजी! तिनं तर एक भाकर न करपवता केली न्हाई." मग तवा उतरवून हळूच विचारलं, "पर पाण्यात आलं म्हंजे बराबर आलं ना?"

आलं, वहिनी. बाहेरच्या पाण्यात. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. एकदा त्यांनी विचारलं म्हणून, दोनदा मला बरं वाटलं म्हणून.

"छापू नका हं काका, अजून एकदा करून बघते," असं पोरीनं बजावलंय. वीस वर्षं गावोगावच्या बातम्या पाठवतोय. घरची पहिली मोठी बातमी, आणि तिच्यावर बंदी! पाळली. पेपरला एक ओळ पाठवली नाही. फक्त पारावर, पिठाच्या गिरणीत आणि दोन्ही हॉटेलांत सांगून आलो.