पंखा नसलेलं इंजिन

बाबूजी, काल बिरसीला पोचले तर शेजारच्या काकू टेबलफॅन घेऊन दारात हजर. "आली का वो पंखेवाली?" तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, पण तुम्ही उठवलेली ही आवई काही विरत नाही.

नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा घरी आले होते, कामाबद्दल कुणाशी बोलणार नाही अशी सही करून. तुम्ही राइस मिलमधून अंगभर कोंडा घेऊन आलात, चुलीपुढे जेवायला बसलात आणि म्हणालात, "काय बनवून रायली वो तू तिथं?" जन्मभर मशीन हाताळलेला माणूस विचारतोय म्हटल्यावर माझी जीभ सुटलीच. फुंकणी उचलून दाखवलं: असं नळकांडं, समोरून हवा घुसते, आत इंधन जळतं, मागून झोत. आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेग. "अन् पंखा?" पंखाच नाही म्हटलं, ते इतक्या जोरात पळतं की हवा आपोआप दाबली जाते. तुम्ही भाताचा घास हातातच धरून विचारलंत, "मंग पयले त्याले पळवते कोन?" मुलाखतीत मी नेमकी इथेच अडखळले होते. "आधी एक रॉकेट ढकलतं, मग ते गळून पडतं," एवढं बोलले आणि भानावर आले. नोकरी जाईल या भीतीने रडूच फुटलं. तुम्ही शांतपणे हात धुतलेत आणि दुसऱ्या दिवशी मिलभर सांगून मोकळे, "पोरगी पंख्याच्या कंपनीत हाय."

पुढे आमच्या त्या क्षेपणास्त्राची चाचणी टीव्हीवर दाखवली. मिलसमोरच्या चहाटपरीवर टाळ्या पडल्या. कुणीतरी विचारलं, तुमची पोरगी असंच काही शिकली होती ना? तुम्ही म्हणालात, "नाही बाप्पा, तिले सीलिंग फॅन जमला तरी बस झालं." हे मला तुमच्या मिलमधल्या मिस्त्रींनी तुमच्या तेरवीला सांगितलं. त्या गर्दीत मी खो खो हसले, लोकांना वाटलं पोरगी दुःखानं भ्रमिष्ट झाली.

आता ते जहाजावरून, जमिनीवरून सुटतं आणि विमानाखाली टांगायचीही तयारी झाली. निम्मं पळवायचं काम विमानच करतं, म्हणून ढकलणारं रॉकेट लहान केलं. तुमचाच प्रश्न आम्ही अजून सोडवतोय.

ती सही अजून लागू आहे, तेव्हा हा कागद चुलीतच जाईल. तुम्ही माझी नोकरी राखलीत, बाबूजी. पण खरं सांगते, चाचणीच्या दिवशी मला वाटत होतं, आज तुम्हाला राहवणार नाही. एकाला तरी सांगायला हवं होतंत.