सोळाचे चौदा

२ फेब्रुवारी
आजपासून कॉम्प्युटरचा वेग वाढवायचा. निश्चय पक्का. कन्या आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या प्रोजेक्टचं एकेक चित्र तयार करायला मशीन इतका वेळ घेतं की तेवढ्यात तिची आंघोळ, जेवण आणि आईशी भांडण उरकतं. बापाला हे बघवत नाही. सगळा घोळ मेमरीचा. कंपनीवाले ती मुद्दाम सावकाश चालवतात. जाणकार माणसाने हात घातला की पळते. आपली बत्तीसशे मेगाहर्ट्झवर चालते. मेहुण्याने त्याची छत्तीसशेवर नेली आहे, हे तो परवा सगळ्यांसमोर म्हणाला. त्याचा इथे काही संबंध नाही.

३ फेब्रुवारी
कन्येला बेत सांगितला. म्हणाली, बाबा, सबमिशन होईपर्यंत मशीनला हात लावू नकोस हं. हो म्हटलं. हात लावणार नाहीच. फक्त सेटिंग बदलणार.

५ फेब्रुवारी, दुपार
मायलेकी बाहेर गेल्या. लगेच कामाला लागलो. बायोसमध्ये शिरलो. म्हणजे मशीन चालू होताना एक पडदा उघडता येतो, सगळी सूत्रं तिथून हलतात. थेट अडतीसशे लावले. मेहुण्यापेक्षा दोनशे जास्त. (विषय वेगाचा आहे.) मशीन चालू झालं, बंद झालं, चालू झालं, बंद झालं. मग स्क्रीन काळी ठिक्कर. आतला गोल सेल काढून परत बसवला की सगळं मूळपदावर येतं, असं व्हिडिओत सांगतात. आलं. सेल काढताना बोट कापलं. बोटाला पट्टी कसली, असं कन्येने विचारलं. कांदा चिरत होतो, म्हटलं. ही म्हणाली, घरात कांदा नाहीये.

८ फेब्रुवारी
घिसाडघाई नडली होती. आता पद्धतशीर. छत्तीसशे. शिवाय टायमिंग. आपण काही मागितलं की ते हातात द्यायला मेमरी किती ठोके थांबते, तो आकडा. सोळा होता, चौदा केला. व्होल्टेज थोडं चढवलं. पहिल्या फटक्यात चालू! मेहुण्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर, भाऊजी, टेस्ट केली का नीट? जळफळाट. दुसरं काय.

९ फेब्रुवारी
केली टेस्ट. एक प्रोग्राम मेमरीत काहीबाही लिहितो, परत वाचतो आणि जुळतंय का ते बघतो. एक एरर आली. करोडो वेळा लिहिलं आणि एकदाच चुकलं! ऑफिसात मी दिवसाला याहून जास्त चुका करतो, अजून कोणी काढून टाकलेलं नाही. पास धरायला हरकत नाही.

१२ फेब्रुवारी
कन्या म्हणाली, आज चित्र लवकर झालं. मी नुसता हसलो. सबमिशन झालं की सांगेन. संध्याकाळी तिचा प्रोग्राम एकाएकी बंद पडला. असं आधी कधीच झालं नव्हतं, म्हणाली. मी म्हटलं, हल्लीचे सॉफ्टवेअरवाले कामच करत नाहीत.

१५ फेब्रुवारी
प्रोग्राम पुन्हा बंद पडला. गुपचूप टेस्ट केली, बऱ्याच एरर. उकाड्यामुळे असणार. मशीनच्या डब्याचं झाकण उघडून समोर टेबलफॅन लावला. ही म्हणाली, पंखा माणसांसाठी आणलाय. तरी लावला.
कन्या दमून झोपली होती. काळजी वाटली म्हणून तिचं प्रोजेक्ट मीच पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवलं. जागा पुरेना, म्हणून आधीची जुनी कॉपी पुसली. एवढं हल्ली कोण कोणासाठी करतं?

१९ फेब्रुवारी
फाइल उघडेना. खराब झाली आहे, असं मशीन म्हणतं. पेनड्राइव्हवरची काढली. तीसुद्धा खराब.
ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेचा आराखडा काढला होता तिने. वर्षभराचं काम. रडली नाही. त्याच फाइलवर क्लिक करत राहिली. मग मामाला फोन लावला, स्पीकरवर. त्याने एवढंच विचारलं, मेमरीच्या सेटिंगला कोणी हात लावलाय का? मी म्हटलं, हल्ली विजेचा काही भरवसा नाही.
कन्येने मशीन बंद करून बायोस उघडलं. तिला ते उघडता येतं हे मला माहीत नव्हतं. चौदाच्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसली. माझ्याकडे बघितलंच नाही.

२० फेब्रुवारी
कन्या मैत्रिणीच्या घरी राहायला गेली. कॉलेजच्या लॅबमध्ये बसून सगळं पुन्हा काढणार. ही बोलत नाही. ताट समोर ठेवते आणि निघून जाते. चला, कामाला शांतता तरी मिळाली. निश्चय: कन्या परत यायच्या आत मशीन स्टेबल झालंच पाहिजे.

२४ फेब्रुवारी
टायमिंग पंधरा. एरर.

२६ फेब्रुवारी
वेग चौतीसशे. एरर. पण कमी. प्रगती आहे.

१ मार्च
जमलं! बत्तीसशे, सोळा. एकही एरर नाही. आता ही कंपनीचीच सेटिंग आहे, हे खरं. पण त्यांनी ती डोळे झाकून लावली होती, मी तपासून लावली. हिला सांगितलं. ती भांडी घासत होती. नळ आणखी मोठा सोडला.

४ मार्च
सबमिशन झालं. कन्येने दिलं, पण अर्धंच होऊ शकलं. परीक्षक म्हणाले, विचार उत्तम आहे, काम अपुरं आहे. पास झाली. वर्गात दरवर्षी पहिली यायची, या खेपेला शेवटून दुसरी. हे सगळं मेहुण्याकडून कळलं. तो एका शब्दाने टाकून बोलला नाही. बोलला असता तर भांडता आलं असतं.
मार्क म्हणजे सर्वस्व नव्हे, असं इथे लिहून बघितलं. खोडलं.

९ मार्च
कन्या आली होती. कपडे आणि ड्रॉइंगचं सामान न्यायला. लगेच एका ऑफिसात कामाला लागली आहे. ऑफिसजवळ खोली घेतली. मी म्हटलं, मशीन घेऊन जा, आता एकदम स्टेबल आहे, हवं तर टेस्ट लावून दाखवतो. नको बाबा, राहू दे तुझ्याकडेच, म्हणाली. वर थँक्यू म्हणाली. माझ्या बोटाची जखम बघितली, भरली का विचारलं. भरली, म्हटलं. एरवी माझ्यावर चिडली की दार असं आपटायची की भिंतीवरचं घड्याळ हलायचं. आज ते इतकं हळू लावलं की ती गेली हे मला जरा वेळाने कळलं.