गायिकेच्या माइकवरचा पहारेकरी

तीर्थरूप ताईंना,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं.

तुमचे बंधुराज अजून त्याच बँडमध्ये ड्रम वाजवतात आणि मी अजून हॉलच्या मागच्या टोकाला मिक्सरपाशी बसून सगळ्यांचे आवाज सांभाळते. पण आमच्याकडे नवी गायिका आली आहे. पहिल्याच तालमीनंतर बंधुराज म्हणाले, "आवाज अगदी मखमल आहे गं!" (माझ्या आवाजाला इतक्या वर्षांत 'स्पष्ट' यापलीकडे विशेषण मिळालेलं नाही.) तेव्हापासून मी तिला मनात मखमलच म्हणते. ही मखमल दोन गाण्यांच्या मधे वळून त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजते आणि हे हसून मान डोलावतात. काय म्हणते विचारलं, तर म्हणे पुढचं गाणं सांगते. गाण्यांची नावं एवढी विनोदी असतात हे मला माहीत नव्हतं.

ती कुजबुज मला ऐकू येत नसे, कारण तिच्या माइकवर मीच गेट लावलेलं. गेट म्हणजे पहारेकरी. मोठ्या आवाजाला दार उघडतो, बारीकसारीक आवाजाला नाही. दुसरा असतो कॉम्प्रेसर. तो थेट आपल्या आईंसारखा (रागावू नका). जो चढेल त्याला खाली बसवायचं आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्याला पुढे ओढायचं.

परवाच्या कार्यक्रमात तिनं कुजबुजताना चक्क त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझं डोकं फिरलं. पुढचं गाणं सुरू होताच मी तिच्या आवाजावर आणखी एक कॉम्प्रेसर चढवला आणि मखमलीचं पोतेरं करायचंच म्हणून तो सपाटून दाबला. घाईत तो गेटच्या आधी बसवला. हा क्रम शिकाऊ माणूसही चुकत नाही, मी मत्सरापायी चुकले. दाबलेला आवाज भरून काढायला पातळी वाढवली, तशी तिची कुजबुजही गाण्याइतकी मोठी झाली. गाणं संपलं, ती हातातल्या माइकसकट वळली, पहारेकऱ्यानं सलाम ठोकून दार उघडलं आणि भरल्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून ऐकू आलं, "दादा, पुढचं संथ आहे, माझ्या हाताकडे बघून सुरू करा. आणि कानांचं आता घरी सांगा हो. बाई ओरडतील, पण डॉक्टरकडे तरी नेतील."

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघू लागला. बंधुराज नेहमीसारखे हसले, मान डोलावली. त्यांना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं, ताई.

नंतर तिला सामानाच्या खोलीत गाठलं. रडायलाच लागली. पहिल्या तालमीत गाणं सुरू करायची तिची 'एक, दोन, तीन' मोजणी त्यांना ऐकू आली नाही, तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं. "बायकोला कळलं तर ती मला ड्रमवरून उठवेल," असं सांगून त्यांनी तिला शपथ घातली. (उठवीनही.) आवाज मखमल का वाटला तेही कळलं. टोकदार, बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नाहीत. तिचा चांगला खणखणीत आहे. हे कळून मला क्षणभर फार बरं वाटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. पण ऐकणं हे माझं काम, आणि त्यांनी सांगितलं तिला! तेवढं मात्र गिळवत नाही.

तुमची
भावजय

ता. क. त्यांना अजून वाटतं, गुपित सुरक्षित आहे. मीही गप्प आहे. माळ्यावरचं सामान उतरवायचंय म्हणून तुम्ही त्यांना बोलावून घ्या आणि कानाच्या डॉक्टरकडे न्या. तुमचं ते ऐकतात (मोठ्यानं बोललात तर). ड्रम बंद करावे लागणार असतील, तर ते त्यांना तुमच्या तोंडून कळू दे. माझ्याच्यानं होणार नाही.

आणखी एक. मखमल म्हणते, "ताईंकडच्या प्रवासात सोबत मीच जाते, मला त्यांच्याशी खुणांनी बोलायची सवय आहे." मी सांगितलं, "मी जातेय, खुणा मलाही येतात." (येत नाहीत. आरशासमोर शिकते आहे.)